बदलीचे पेढे

सर्व संबंधितांस या लेखाद्वारे कळविण्यात येते की, आमच्या तालुक्यात उसाचा हंगाम सुरू झालेला आहे. सबब सर्वांनी आपापली वाहने, वाळत घातलेले कपडे व मनःस्वास्थ्य स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावे. या हंगामात प्रस्तुत लेखकास दरवर्षी एक जुनी गोष्ट आठवते आणि हाताशी सापडेल त्या माणसाला ती सांगितल्यावाचून त्यास चैन पडत नाही, याचीही गंभीर नोंद घ्यावी. मजकूर वाचून पोच द्यावी. पोच म्हणून जोडलेल्या हातांचे चित्र कोणत्याही परिस्थितीत पाठवू नये.

त्या चित्राशी माझं जुनं वैर आहे. ते पुढे येईलच.

हाताला ही असली भाषा लागून आता वीस-बावीस वर्षं झाली. मी साताऱ्याच्या पूर्वेकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात लिपिक आहे. मूळचा सांगलीकडचा, द्राक्षबागांच्या गावातला. पहिल्यांदा इकडे रुजू झालो तेव्हा वडूज सोडून एसटी पुढे निघाली आणि खिडकीतून नुसता माळ, माळावर मेंढरं, मेंढरांमागे पांढऱ्या पटक्याचा एकच माणूस, असं तासभर दिसत राहिलं. मनात म्हटलं, इथे कोण आजारी पडणार आणि कशासाठी. मग पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे, गाणी लावलेले ट्रॅक्टर आले. आता दिवाळी सरली की रस्ताभर पाचट उडतं. कारखान्याच्या मळीचा तो आंबट-गोड वास दवाखान्याच्या फिनेलमध्ये मिसळतो आणि जो तिसराच वास तयार होतो, त्याला अजून कोणी नाव दिलेलं नाही. तो वास आला की मला पेढे आठवतात. आणि पेढे आठवले की थकायला होतं. मला साखर आहे म्हणून नव्हे. म्हणजे साखर आहेच, पण हा थकवा वेगळा.

आमच्या दवाखान्यात त्या काळी बाळंतपणाचा विभाग होता. मागच्या अंगाला, पश्चिमेला तोंड करून बसलेली एक लांबट खोली, पुढे व्हरांडा, व्हरांड्याच्या कडेला तांब्याचा बंब. त्या बंबाची मालकीण म्हणजे हौसामावशी. सरकारी कागदावर त्या ‘कक्षसेविका’ होत्या, पण तो शब्द मी आयुष्यात फक्त टाइप केला, कोणाच्या तोंडून ऐकला नाही. सकाळी सहाला त्या बंब पेटवायच्या. करवंट्या, पाचट, कधी तुराट्या. धूर आधी व्हरांड्यात, मग वॉर्डात, मग माझ्या टेबलापर्यंत यायचा आणि त्यामागून मावशी यायच्या. हातात दोन कप. एक मोठ्या साहेबांचा, एक माझा. माझा बिनसाखरेचा. माझी साखर डॉक्टरांच्या आधी त्यांनी ओळखली होती. बाटली घेऊन मी किती वेळा नळावर जातो, हे त्या बसल्या जागेवरून मोजत होत्या.

उसाच्या हंगामात तो वॉर्ड भरून वाहायचा. मराठवाड्यातून तोडीला आलेल्या बाया दिवस भरेपर्यंत फडात मोळ्या उचलायच्या आणि कळा सुरू झाल्या की बैलगाडीतून, ट्रॅक्टरवरून, एखादी चक्क चालत यायची. बाहेर चिंचेखाली नवरा, सासू, शेजारच्या कोपीतलं, म्हणजे पाचटाच्या झोपडीतलं कोणी, अशी माणसं गोणपाट टाकून बसलेली. आत बाळ रडलं की सगळी उठून उभी राहायची आणि मावशी बाहेर येईपर्यंत तशीच उभी.

मावशींची बातमी सांगायची एक पद्धत होती. पदराला हात पुसत बाहेर यायच्या आणि आधी म्हणायच्या, “दोगंबी बरी हायती.” मुलगा की मुलगी ते नंतर. समोरच्याने विचारलं तरी नंतर. आणि बातमी वाईट असेल तर त्या उभ्याने सांगायच्या नाहीत. आधी जाऊन त्या माणसांजवळ जमिनीवर बसायच्या. त्या बसल्या की माणसं बसायची. माणसं बसली की निम्मं त्यांना कळलेलंच असायचं. मग मावशी बोलायच्या. मी एकदा विचारलं होतं, असं का. तर म्हणाल्या, “उभ्या मानसाला वाईट सांगितलं तर त्यानं पडायचं कुठं?”

हे मी रोज खिडकीतून पाहत होतो, आणि पाहता पाहता इकडे ‘उपरोक्त विषयान्वये’ टाइप करत होतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे मला सुचलं नाही.

आता त्या वर्षाकडे येऊ. हंगाम ऐन भरात होता. एका शनिवारी संध्याकाळी मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. आमच्या दवाखान्यात दार लावणं ही घटना आहे. ते दार पावसाळ्यात फुगलेलं, लावताना भिंतीवरचं कॅलेंडर पडतं. कॅलेंडर पडलं. साहेब म्हणाले, वरून निर्णय झालाय. बाळंतपणाचा विभाग शेजारच्या तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयात हलणार. इथे डायलिसिसची यंत्रं येणार. माणसं वाटली जाणार, काही तिकडे, काही इतर ठिकाणी. महिनाअखेरीस. यादी आली आहे, ती सोमवारी काढा. ज्यांची अडचण असेल त्यांनी सात दिवसांत विनंती अर्ज द्यायचा.

मी यादी पाहिली. नवव्या क्रमांकावर हौसामावशी. कोयनानगरच्या बाजूला, खोऱ्यातल्या एका दवाखान्यात.

इथे मावशींच्या घराविषयी सांगायला हवं. दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून त्यांच्या दोन खोल्या. घरात त्यांचे मालक. फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना हवालदार म्हणत. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेली होती. मावशी सकाळी त्यांना उठवून, आंघोळ घालून, खुर्चीत बसवून यायच्या. दुपारी एकला भिंतीतल्या फटीतून पलीकडे जायच्या, जेवू घालायच्या आणि दीडला परत. कोयनेचं खोरं म्हणजे इथून जिल्ह्याचं दुसरं टोक. घाटाचे रस्ते, पावसात दरडी. दुपारी एकला तिथून येऊन हवालदारांच्या तोंडात घास कसा घालणार?

मी साहेबांना म्हणालो, सगळ्यांना बोलावून सांगू या का. साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, रक्तदाबाची गोळी खिशात ठेवणारा माणूस होता. त्यांना आवाज चढलेला सहन व्हायचा नाही. म्हणाले, “गोंधळ नको, भाऊसाहेब. ग्रुपवर टाका. टाकलं म्हणजे कळवलं.”

तर सोमवारी सकाळी मी यादी ग्रुपवर टाकली. दवाखान्याचा तो ग्रुप म्हणजे एक अजब ठिकाण होतं. त्यावर सुविचार, वाढदिवस, निधनवार्ता, लसीकरणाचे अहवाल आणि हरवलेल्या छत्र्या एकाच रांगेत उभ्या असायच्या. काहीही आलं की सगळे जोडलेले हात पाठवायचे. कोणाचे वडील गेले, हात. कोणाला मुलगी झाली, हात. वीज बंद राहील, हात. मी फाइलीला नाव दिलं होतं ‘यादी अंतिम सुधारित’. वर एक अक्षर लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. म्हणजे खरं सांगतो, सुचत होतं. धीर नव्हता.

गंमत पाहा. आमच्या लोकांच्या डोक्यात ‘यादी’ म्हणजे एकच यादी. पदोन्नतीची. ती गेली दोन वर्षं ‘येणार, येणार’ म्हणून गाजत होती. तेव्हा पहिला निरोप आला बबन ड्रायव्हरचा. बबन आमची रुग्णवाहिका चालवतो आणि फाइली उघडत नाही. त्याने थेट फुलांचा गुच्छ पाठवला आणि खाली ‘सर्वांचे हार्दिक अभिनंदन’. पाठोपाठ प्रयोगशाळेतून अभिनंदन. क्ष-किरणातून अभिनंदन. मग हात, हात, हात. कोणीतरी फाइल उघडली, पण वरचा विषय, संदर्भ सोडून थेट खाली नावं पाहिली, कारण पदोन्नतीच्या यादीत माणूस दुसरं काय पाहतो? अकरा वाजेपर्यंत साऱ्या दवाखान्याने आपापल्या बदलीबद्दल एकमेकांचं अभिनंदन केलेलं होतं.

मी टेबलाशी बसून हे बघत होतो. एकदा हसू आलं, लपवत नाही. पोटातून आलं. मग ते कुठेतरी मध्येच अडकलं.

मावशींकडे बटणांचा फोन. त्यांना ग्रुप वगैरे काही नाही. त्यांना कोणीतरी जाता जाता सांगितलं की मावशी, यादीत नाव आलंय तुमचं. दुपारी एकला त्या हवालदारांना जेवू घालायला गेल्या त्या नेहमीच्या फटीतून नाही, पुढच्या दाराने गेल्या, आणि येताना स्टँडजवळच्या दुकानातून पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. चोवीस वर्षांची नोकरी. वॉर्डातल्या प्रत्येक बाईला दिला, सिस्टरांना दिला, चिंचेखाली बसलेल्या तोडीवाल्यांना दिला. साहेबांना दिला. साहेबांनी पेढा घेतला, टेबलावर कागदावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

मग मावशी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “भाऊसायेब, आज न्हाई म्हनायचं न्हाई. साखर ऱ्हाऊ द्या बाजूला.”

मी पेढा खाल्ला. एक पेढा खाल्ला आणि म्हणालो, वा, चांगला आहे.

एवढंच म्हणालो. बोलायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मावशी बसा, असं म्हणायचं, आणि स्वतः त्यांच्याजवळ बसायचं. पण मी खुर्चीत होतो, त्या उभ्या होत्या, आणि मी चांगला आहे म्हणालो.

माणूस गप्प राहतो तेव्हा त्याला फार कामं सुचतात. सोमवारी उरलेला दिवस मी कपाट लावलं. मंगळवारी पुन्हा तेच कपाट लावलं. जाधव सिस्टर, म्हणजे बाळंतपण विभागाच्या प्रमुख, दोनदा येऊन म्हणाल्या, भाऊसाहेब, पदोन्नतीचा आदेश हातात कधी मिळणार? मी म्हणालो, येईल. सिस्टरांचं नाव चौथं होतं. त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. बाहेर ट्रॅक्टर जात होते, गाणी जात होती, पाचट खिडकीतून आत येऊन माझ्या टाइपरायटरएवढ्याच जुन्या संगणकावर पडत होतं. मी ते एकेक उचलत होतो. सातातले दोन दिवस गेले.

हवालदारांना कुठून बुद्धी झाली कोण जाणे. पुढचं मला बबनने सांगितलं. हवालदारांचा फोनवरच्या कशावरही विश्वास नव्हता. ‘ऑर्डर कागद पे होती है’ हे त्यांचं वाक्य, फौजेतून आणलेलं. त्यांनी बबनला फर्मावलं की ती यादी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आण. बबन मंगळवारी पेशंट घेऊन सांगलीला गेलेला, तो बुधवारी दुपारी आला. कागद आणला. हवालदारांनी डाव्या हाताने चष्मा लावला आणि हुकूम वाचतात तसा वरून वाचायला सुरुवात केली. कार्यालय, जावक क्रमांक, दिनांक. मग विषय. झटक्यानंतर त्यांचे शब्द जड झाले होते, एकेक अक्षर ढकलत बाहेर काढावं लागायचं. विभाग. स्थलांतर. कर्मचारी. समायोजन. बबन म्हणतो, चौथ्या शब्दाला त्याने स्वतःची टोपी काढली. साहेब आणि मी सोडलो तर तो कागद वरून वाचणारा पहिला माणूस म्हणजे हवालदार, ज्याचा दवाखान्याशी काही संबंध नव्हता आणि ज्याच्या तोंडातून एक ओळ यायला पाच मिनिटं लागत होती.

नवव्या नावाशी ते थांबले. मावशी चुलीपाशी होत्या. हवालदार एवढंच म्हणाले म्हणे, “लिस्ट पढी किसने थी?”

गुरुवारी सकाळी बंब पेटला. धूर आला, धुरामागून मावशी आल्या. कप ठेवला आणि गेल्या. मी घोट घेतला.

चहा गोड होता. चांगली दोन चमचे साखर.

मला आजवर नोटिसा आल्यात, ताकीद आलीय, एकदा विभागीय चौकशीही होऊन गेलीय. त्या घोटासारखं काही आलं नाही. मी उरलेला चहा संपवला. टाकून द्यायची हिंमत झाली नाही. मग उठलो आणि साहेबांच्या खोलीत गेलो. दार लावलं नाही. म्हणालो, साहेब, आता सगळ्यांना बोलवा. आजच. तीन दिवस गेलेत, चार उरलेत.

साहेब म्हणाले, लोक चिडतील. मी म्हणालो, चिडलेत. ते म्हणाले, विचारतील ते मलाच माहीत नाही हो, मलाही शनिवारीच कळलं. मी म्हणालो, तेच सांगा. आणि एक करा, मी म्हणालो, उभं राहून सांगू नका.

तर साडेनऊला चिंचेखाली सगळे जमले. साहेब कागद घेऊन आले, एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि चिंचेच्या पारावर बसले. पँटीला धूळ लागली. ते बसल्यावर आधी सिस्टर बसल्या, मग बाकीचे. तोडीवाल्यांची माणसं लांबून बघत होती. त्यांना वाटलं असावं, आत कोणीतरी गेलं.

साहेबांनी यादी वाचली. विषयापासून वाचली. वाचून झाल्यावर कोणी आरडाओरडा केला नाही. साहेबांच्या खिशातली गोळी खिशातच राहिली. लोक फक्त दमलेले दिसले. वर्षानुवर्षं अशीच जमा झालेली दमणूक एकदम चेहऱ्यावर आली. जाधव सिस्टर म्हणाल्या, “साहेब, जायचं तर जाऊ. पण आमची गोष्ट आम्हाला सगळ्यात शेवटी का कळते?”

साहेबांनी कागद मांडीवर ठेवला. चूक झाली, एवढं म्हणाले. मग प्रश्न सुरू झाले. राहायला खोली मिळेल का? माहीत नाही. यंत्रं शिकवायला कोणी येणार का? माहीत नाही. तिकडच्या वॉर्डात आमच्या बाया आधी घेतील की त्यांच्या? माहीत नाही. मी शेजारी बसून तिन्ही ‘माहीत नाही’ लिहून घेतली. साहेब म्हणाले, ह्यातलं जे कळेल ते सोमवारी ह्याच वेळी, ह्याच जागी सांगतो. जे कळणार नाही तेही सांगतो. नोकरीत पहिल्यांदाच मी ‘माहीत नाही’ हे शब्द अधिकृत नोंदीत लिहिले. लिहिताना हाताला विचित्र वाटलं, पण बरं वाटलं.

आणि मग ज्यांना अडचण आहे त्यांनी एकेकाने माझ्याकडे यायचं ठरलं. आले. तेव्हा असं उघडकीला आलं की आमचा एक कक्षसेवक, मूळचा पाटणकडचा, गेली सहा वर्षं कोयनेच्या खोऱ्यात बदली मिळावी म्हणून देवाला साकडं घालत होता. देवाला घातलं, ऑफिसला घातलं नाही. ऑफिसने विचारलं नाही. मी त्याच्यासमोर बसून अर्ज लिहिला आणि मावशींच्या समोर बसून अर्ज लिहिला. दोन्ही एकाच पाकिटात घातले. मावशी अंगठ्याजवळ शाई लागलेला माझा हात बघत होत्या. पेढ्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. मीही नाही. सांगायचं ओठावर आलं होतं की मावशी, मला त्या दिवशी माहीत होतं. पण अर्ज सहाव्या दिवशी जायचा होता, आणि मला पुन्हा कामं सुचली.

अर्ज मंजूर झाला. मावशी इथेच राहिल्या, डायलिसिसला. पाटणचा माणूस नाचत गेला. बाकीच्यांना जावं लागलं. हे मी गोड करून सांगणार नाही. सिस्टरांची मुलगी वर्षभर आजोळी राहिली. एकाने नोकरीच सोडली. पण बबनने जाण्याआधी सगळ्यांना गाडीतून नेऊन ती नवी जागा दाखवून आणली. पहिले पंधरा दिवस तिकडे कोणालाही एकट्याने ड्यूटी लावायची नाही, असं साहेबांनी फोन करून करून पदरात पाडून घेतलं. छोट्या गोष्टी आहेत. आदेशात त्यांना रकाना नसतो.

एक प्रश्न मात्र आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. तो मावशींनी विचारला, दुसऱ्या सोमवारी. फडातल्या बायांना कोण सांगणार? त्यांच्याकडे तर कागदच नव्हता, ग्रुपही नव्हता. महिना संपल्यावर कळा घेऊन त्या ह्याच व्हरांड्यात येणार. मग सलग चार दिवस, दुपारची ड्यूटी संपली की मावशी आणि सिस्टर रुग्णवाहिकेतून कोप्याकोप्यांवर गेल्या. एके दिवशी मीही गेलो. फड नुकताच तुटलेला, सगळीकडे उसाचे बुडखे, चुली पेटायच्या बेतात, बैल पेंढी चघळत होते. मावशी उतरल्या आणि काही बोलायच्या आधी पाचटावर मांडी घालून बसल्या. बाया जमल्या. मावशींनी सांगितलं, दवाखाना कुठे गेला, गाडीचा नंबर काय, पहिली कळ आली की वाट बघायची नाही. एकीने पोटावर हात ठेवून विचारलं, तुम्ही असणार का तिथं? मावशी म्हणाल्या, “मी न्हाई. ह्या बाई असत्यात. माज्यापरीस बऱ्या हायत्या.” आणि सिस्टरांचा हात धरून त्या बाईच्या हातात दिला.

परत येताना पुढे ट्रॅक्टरांची रांग होती, तिला ओलांडता येत नव्हतं. मळीचा वास, धूळ, आणि मावशी खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या.

विभाग गेला. बंब विझला. पाणी तापवणाऱ्या पाचटाचा धूर माझ्या टेबलापर्यंत यायचा थांबला. पुढे साहेब निवृत्त झाले, दुसरे आले, तिसरे आले. चिंचेखालचा सोमवार मात्र राहिला. नव्या साहेबांना वाटतं ती वरूनची योजना आहे. मी दुरुस्त करत नाही. मधल्या काळात औषधांची नोंद संगणकावर गेली, पाळ्यांच्या वेळा दोनदा बदलल्या, यंदा नवी इमारत होते आहे आणि कोणता विभाग कुठे जाणार यावर रोज पाच अफवा उठतात. मी आता सगळ्या अफवा एका वहीत लिहितो आणि सोमवारी मोठ्याने वाचतो. लोक हसतात. मग साहेब सांगतात, ह्यातलं खरं किती. दमणूक जात नाही. पण ती एकट्याने वाहावी लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी हवालदार गेले. सोमवारीच गेले. आम्ही सगळे भिंतीच्या फटीतून पलीकडे गेलो. ती फट आता मोठी झाली होती. त्यांच्या उशाशी चष्म्याच्या घरात तो झेरॉक्सचा कागद होता, चार घड्या केलेला.

आणि गेल्या महिन्यात मावशींचा निरोप समारंभ झाला. चिंचेखाली. साडी, नारळ, हार, एक घड्याळ, जे निवृत्त माणसाला का देतात ते मला अजून कळलेलं नाही. बदलून गेलेल्या जाधव सिस्टर मुद्दाम आल्या होत्या. भाषणं झाली. माझी पाळी आली, आणि तुम्हाला माहीत आहेच, मला माईक मिळाला की मी सोडत नाही. यादीची गोष्ट काढली. बबनचा गुच्छ, अभिनंदनाचा पाऊस, सगळं साग्रसंगीत सांगितलं. लोक पोट धरून हसत होते. मग मला वाटलं, आज नाही तर कधी. उभा होतो, तो पुढे गेलो, मावशींच्या खुर्चीपुढे जमिनीवर बसलो. माईकची वायर पुरेना, बबनने ती ओढून दिली. मी म्हणालो, मावशी, त्या दिवशी मला माहीत होतं. यादी मीच टाकली होती. तुमचं नाव वाचूनच टाकली होती. आणि तरी तुमच्या हातचा एक पेढा खाल्ला आणि चांगला आहे म्हणालो. आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

 रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचं गाणं नेमकं तेव्हाच संपलं. मावशींनी हार बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी पुढे धरलेला माईक तोंडापाशी आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

“एक कुठला, दोन खाल्लं की तुमी! साखरंचा मानूस दोन पेढं खातोय म्हनल्यावं तर मी घरी जाऊन मालकास्नी म्हनलं, आवं, ती यादी जरा वाचून घ्या.”